मोबाइलवरील नकोशा सूचना : कारणे, उपाय आणि शिक्षकाचे काम

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



प्राथमिक शिक्षकाच्या हातातील मोबाइल हे आता केवळ बोलण्याचे साधन राहिलेले नाही. शालेय पोषण आहाराची दैनंदिन नोंद, ‘यू-डायस प्लस’मधील विद्यार्थ्यांची माहिती, ‘शालार्थ’वरील वेतनाचे काम, बँकेचा व्यवहार आणि वरिष्ठांचे आदेश हे सर्व बहुधा त्या एकाच यंत्रातून चालते. दोनशिक्षकी शाळेत तर शिक्षकाचा मोबाइल हेच शाळेचे कार्यालय होय. अशा यंत्राच्या पडद्यावर दिवसातून अनेक वेळा नकोशा सूचना उतरू लागल्या, तर तो प्रश्न केवळ त्रासाचा राहत नाही. तो शाळेच्या कामाचा, मुलांच्या संस्कारांचा आणि प्रसंगी शिक्षकाच्या पैशांचा व अब्रूचाही प्रश्न होतो. म्हणून त्याचा शांतपणे व मुळापासून विचार करणे अगत्याचे आहे.

या सूचनांचे स्वरूप सर्वांच्या परिचयाचे आहे. ‘तुमच्या मोबाइलमध्ये व्हायरस शिरला आहे, ताबडतोब साफ करा’, ‘तुमच्या क्रमांकास बक्षीस लागले आहे’, ‘घरबसल्या रोज हजारो रुपये मिळवा’, अशा मजकुराच्या पट्ट्या पडद्याच्या माथ्यावरून खाली उतरतात. काहींबरोबर पत्त्यांच्या जुगाराचे आमंत्रण असते, तर काहींबरोबर सभ्य माणसाने पाहू नये असे चित्र असते. त्या वेळी कोणतेही संकेतस्थळ उघडलेले नसते, इंटरनेटवर काही शोधलेलेही नसते. तरी त्या येतातच.

खेड्यातील एखादा वर्ग डोळ्यांपुढे आणावा. तिसरी-चौथीची मुले अर्धवर्तुळ करून बसली आहेत आणि बाईंनी मोबाइलवर ‘दीक्षा’मधील पाठ लावला आहे. पाठ रंगात आला असता पडद्यावर एकाएकी अश्लील चित्राची पट्टी उतरते. बाई लगबगीने मोबाइल पालथा घालतात. मुले एकमेकांकडे पाहतात. त्या दिवसानंतर त्या बाई वर्गात मोबाइल काढीत नाहीत. चांगला चाललेला उपक्रम बंद पडतो, आणि तो का बंद पडला हे त्या कोणास सांगूही शकत नाहीत. दुकानात दुरुस्तीला द्यावा तर दुकानदार काय म्हणेल, सहकाऱ्यास दाखवावा तर तो काय समजेल, ही भीती असते. असे महिनेच्या महिने निघून जातात.

येथे पहिली गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. अशा सूचना येणे हा मोबाइल वापरणाऱ्याच्या आवडीनिवडीचा पुरावा नव्हे. पाठवणारा एकच मजकूर असंख्य मोबाइलांवर एकदम धाडत असतो. शासन निर्णय शोधणारे मुख्याध्यापक, निकाल पाहणारा विद्यार्थी आणि भजन ऐकू पाहणारी आजी या तिघांच्याही मोबाइलवर तीच पट्टी उतरते. म्हणून कोणाच्या मोबाइलवर असे काही दिसले, तर त्याच्याविषयी मनात किंतु आणणे हा अन्याय होय. केंद्रातील शिक्षकांनी ही गोष्ट एकमेकांशी मोकळेपणाने बोलण्याइतका विश्वास आधी निर्माण करावा. कारण लाजेने झाकलेला दोष दुरुस्त होत नसतो.

उपद्रवाचे तीन प्रकार

लोक या सर्वांस ‘व्हायरस’ या एकाच नावाने ओळखतात. वस्तुतः यात तीन निरनिराळे प्रकार आहेत, आणि प्रकार ओळखल्यावाचून उपाय लागू पडत नाही.

पहिला प्रकार दारावरच्या फेरीवाल्यासारखा आहे. इंटरनेटवरील पाने दाखवणाऱ्या ‘क्रोम’, ‘फायरफॉक्स’ यांसारख्या साधनास ब्राउझर म्हणतात. ब्राउझरमध्ये एखादे पान वाचत असताना त्याच्यावर दुसरीच खिडकी उघडते आणि जाहिरात दाखवते. तिला ‘पॉप-अप’ म्हणतात. पान बंद केले की फेरीवालाही जातो.

दुसरा प्रकार घराच्या भिंतीवर जाहिरात रंगवणाऱ्यासारखा आहे. रस्त्याकडेच्या घरांच्या भिंतींवर सिमेंटच्या, बियाण्यांच्या जाहिराती रंगवलेल्या दिसतात. त्या घरमालकाची परवानगी घेऊनच रंगवलेल्या असतात. त्याचप्रमाणे एखादे संकेतस्थळ सूचना पाठवण्याची परवानगी मागते. ती एकदा मिळाली की ते पान बंद केल्यावरही सूचना येत राहतात. यांसच ‘नोटिफिकेशन’ म्हणतात. शिक्षकांच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

तिसरा प्रकार कामाला म्हणून घरात घेतलेल्या आणि मग माळ्यावर ठाण मांडून बसलेल्या माणसासारखा आहे. बॅटरीचा उजेड पाडण्यासाठी, कागदाचे छायाचित्र घेण्यासाठी किंवा कीर्तन ऐकण्यासाठी म्हणून एखादे ॲप घेतले जाते, आणि ते ॲप आपले काम करता करता गुपचूप जाहिराती दाखवू लागते. अशा ॲपला ‘ॲडवेअर’ म्हणतात.

हे आले कोठून?

पॉप-अप खिडकीचा इतिहास उद्बोधक आहे. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ‘ट्रायपॉड’ या संकेतस्थळावर लोक स्वतःची पाने तयार करीत. एका मोटार कंपनीची जाहिरात एका अनुचित पानावर झळकली आणि कंपनी नाराज झाली. जाहिरात आणि पान यांचा संबंध दिसू नये म्हणून जाहिरात स्वतंत्र खिडकीत दाखवण्याची युक्ती निघाली. तिची आज्ञावली इथन झुकरमन यांनी लिहिली. एका अडचणीवरचा तो उपाय होता. परंतु थोड्याच काळात जगभरच्या वाचकांस तो नकोसा झाला. २०१४ साली झुकरमन यांनी ‘द अटलांटिक’मध्ये लेख लिहून त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. दरम्यान ब्राउझरांनीही अशा खिडक्या अडवण्याची सोय केली. ‘फायरफॉक्स’च्या २००४ सालच्या पहिल्या आवृत्तीत ती होती आणि त्याच वर्षी ‘इंटरनेट एक्सप्लोरर’मध्येही ती आली.

फेरीवाल्याचे दार असे लागले, परंतु पुढे दुसरे दार उघडले. एप्रिल २०१५ मध्ये ‘क्रोम’ ब्राउझरने संकेतस्थळांना सूचना पाठवण्याची सोय दिली. हेतू चांगला होता. वर्तमानपत्राने ताजी बातमी कळवावी, टपालाच्या पेटीने नवे पत्र आल्याचे सांगावे, यासाठी ती सोय होती. वाचकाने परवानगी दिली की ब्राउझर त्या संकेतस्थळाचा एक लहानसा कार्यक्रम यंत्रात ठेवून घेतो. संकेतस्थळाने संदेश धाडला की तो ब्राउझरच्या यंत्रणेमार्फत मोबाइलपर्यंत पोहोचतो आणि तो कार्यक्रम जागा होऊन पट्टी दाखवतो. त्यासाठी ते पान उघडे असावे लागत नाही. नेमका हाच गुण जाहिरातवाल्यांनी हेरला. परवानगी दिलेल्या मोबाइलांवर जाहिराती पाठवून त्यांवर पैसे मिळवण्याचा धंदा उभा राहिला. आणि धंदा उभा राहिला म्हणजे परवानगी कशीही करून मिळवण्याच्या क्लृप्त्याही निघतातच.

परवानगी कशी काढून घेतली जाते?

शिक्षकाच्या नित्याच्या कामातील एक उदाहरण घेऊ या. बदलीसंबंधीचा अथवा वेतनासंबंधीचा शासन निर्णय हवा असतो. गटावर आलेल्या दुव्यावर बोट ठेवले जाते आणि एक खासगी पान उघडते. निर्णय उघडण्यापूर्वी एक चौकट येते. तीत वर संकेतस्थळाचा पत्ता, त्याखाली ‘सूचना पाठवू इच्छिते’ अशा अर्थाचा मजकूर आणि दोन बटणे असतात. एक नकाराचे, दुसरे ‘अलाव’ म्हणजे अनुमती देण्याचे. काम घाईचे असते. शाळा भरायची वेळ झालेली असते. चौकट नाहीशी व्हावी एवढ्याचसाठी अंगठा ‘अलाव’वर पडतो. शासन निर्णय मिळतो आणि चौकट विसरली जाते. सूचना दुसऱ्या दिवसापासून येऊ लागतात, त्यामुळे त्यांचा त्या चौकटीशी असलेला संबंध ध्यानातही येत नाही.

याहून कावेबाज रीत अशी की, पानावर यंत्रमानवाचे चित्र काढून ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाव दाबा’ असे लिहिलेले असते. कोठे ‘व्हिडिओ पाहण्यासाठी अलाव दाबा’, तर कोठे ‘फाइल उतरवून घेण्यासाठी अलाव दाबा’ असे असते. हे सर्व असत्य आहे. माणूस की यंत्र हे तपासण्याच्या खऱ्या परीक्षेत अक्षरे ओळखावी लागतात, चित्रे निवडावी लागतात किंवा एका चौकोनात खूण करावी लागते. सूचना पाठवण्याच्या परवानगीचा त्या परीक्षेशी काडीचाही संबंध नसतो. व्हिडिओ दिसण्यासाठी किंवा फाइल मिळण्यासाठीही ती परवानगी लागत नाही.

यावर सोपा प्रतिबंध असा की, मूळ ठिकाणीच जावे. शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. पाठ्यपुस्तकांच्या प्रती बालभारतीच्या संकेतस्थळावर मिळतात. जी वस्तू सरकारी दारात फुकट मिळते, ती आडवाटेच्या दुकानातून आणण्याचे कारण नाही. गटावर दुवा पाठवणाऱ्यानेही खासगी पानाऐवजी अधिकृत पानाचाच दुवा पाठवावा. त्यामुळे केंद्रातील सर्वांचाच त्रास वाचेल.

सूचना बंद करण्याची रीत

सूचना आली असता प्रथम ती उघडू नये. तिच्याकडे नीट पाहावे. पट्टीवर बारीक अक्षरांत ‘क्रोम’ किंवा अन्य ब्राउझरचे नाव आणि एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता दिसत असेल, तर तो दुसरा प्रकार होय, म्हणजेच परवानगी दिली गेलेली आहे. पट्टी बोटाने खाली ओढून मोठी केली असता तीत पुष्कळदा ‘अनसबस्क्राइब’ किंवा ‘साइट सेटिंग्ज’ असे बटण दिसते. तेथूनच त्या संकेतस्थळाच्या सूचना थांबवता येतात.

मात्र परवानग्या बहुधा एकाच संकेतस्थळास दिलेल्या नसतात. म्हणून एकदा सर्व यादी पाहणे श्रेयस्कर. अँड्रॉइड मोबाइलवर ‘क्रोम’ उघडावे. वरच्या कोपऱ्यातील तीन टिंबांवर बोट ठेवून ‘सेटिंग्ज’मध्ये जावे. तेथे ‘साइट सेटिंग्ज’ आणि तीत ‘नोटिफिकेशन्स’ असा विभाग आहे. मोबाइलची भाषा मराठी असल्यास हीच नावे मराठीत दिसतील. त्या विभागात परवानगी दिलेल्या संकेतस्थळांची यादी असते. अनेकांस ती यादी प्रथमच पाहून आश्चर्य वाटते, कारण त्यातील बहुतेक नावे कधी ऐकलेलीही नसतात. एकेक नाव उघडून परवानगी काढून घ्यावी. त्याच विभागाच्या माथ्यावर सर्व संकेतस्थळांसाठी असलेला एक खटका असतो. ज्यास कोणत्याच संकेतस्थळाच्या सूचना नकोत, त्याने तोच बंद करावा. म्हणजे पुढे चौकट येणारच नाही. शाळेच्या कामात त्यामुळे सहसा काही अडत नाही; व्हॉट्सॲपचे संदेश आणि बँकेचे सांकेतिक क्रमांक वेगळ्या मार्गाने येतात, ते चालूच राहतात.

शाळेच्या संगणकावरही रीत हीच आहे. ‘क्रोम’मध्ये ‘सेटिंग्ज’, त्यात ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’ व शेवटी ‘नोटिफिकेशन्स’ असा क्रम आहे. संगणकावर याशिवाय ‘एक्स्टेन्शन’ या नावाची जोडसाधने ब्राउझरला चिकटलेली असू शकतात. जे जोडसाधन कोणी मुद्दाम घेतलेले नाही, ते काढून टाकावे.

येथे काही गैरसमज दूर केले पाहिजेत. ब्राउझरचा केवळ इतिहास पुसल्याने परवानगी जात नाही. मोबाइल बंद करून पुन्हा सुरू केल्यानेही ती जात नाही. दुकानदार अनेकदा मोबाइल पूर्ण कोरा करून देतो. त्याने सूचना थांबतात हे खरे, परंतु शाळेची छायाचित्रे, प्रशस्तिपत्रके, जमवलेली कागदपत्रे हे सर्वही त्याबरोबर जाते आणि वर पैसे मोजावे लागतात. भिंतीवरचा रंग काढण्यासाठी घर पाडण्याचे कारण नाही. वरील कामास दहा मिनिटे पुरतात.

ब्राउझर बनवणाऱ्यांनाही या उपद्रवाची दखल घ्यावी लागली आहे. २०२० च्या आरंभी ‘फायरफॉक्स’ने आणि त्यापाठोपाठ ‘क्रोम’ने परवानगीची चौकट कमी ठळक करण्यास सुरुवात केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘गुगल’ने असे जाहीर केले की, ज्या संकेतस्थळाकडे वापरणारा बरेच दिवस फिरकलेला नाही, त्याची सूचना पाठवण्याची परवानगी ‘क्रोम’ आपोआप काढून घेईल. हे स्वागतार्ह आहे. त्याचा लाभ मिळण्यासाठी ब्राउझर अद्ययावत ठेवला पाहिजे. तथापि यंत्र आपोआप काही करील म्हणून माणसाने वाचणे सोडावे, असा त्याचा अर्थ नव्हे.

माळ्यावर बसलेले ॲप

पट्टीवर ब्राउझरचे नाव नसेल, पडदा भरून जाहिरात येत असेल, आणि ब्राउझर बंद असताना, किंबहुना मोबाइल नुसता उघडताच ती दिसत असेल, तर तिसऱ्या प्रकाराचा संशय घ्यावा. जाहिरात पडद्यावर असतानाच अलीकडे उघडलेली ॲप दाखवणारे बटण दाबावे. जाहिरात ज्या ॲपची असेल त्याचे नाव किंवा चिन्ह तेथे पुष्कळदा उघडे पडते. तेवढ्याने न कळल्यास उपद्रव सुरू होण्याच्या सुमारास कोणती ॲप घेतली, हे आठवून ती एकेक काढावी. काही ॲप आपले चिन्ह पडद्यावरून लपवतात. म्हणून शोध चिन्हांत न घेता ‘सेटिंग्ज’मधील ॲपच्या पूर्ण यादीत घ्यावा.

निदान करण्याचे आणखी एक साधन म्हणजे ‘सेफ मोड’. पुष्कळ अँड्रॉइड मोबाइलांवर बंद करण्याचे बटण दाबून पडद्यावर ‘पॉवर ऑफ’ आले की त्यावर बोट दाबून धरावे. मोबाइल ‘सेफ मोड’मध्ये सुरू करण्याविषयी विचारतो. या अवस्थेत बाहेरून घेतलेली ॲप चालत नाहीत. जाहिराती थांबल्या, तर दोष अशाच एखाद्या ॲपचा आहे हे सिद्ध होते. ते काढून मोबाइल पुन्हा नेहमीप्रमाणे सुरू करावा. ‘प्ले स्टोअर’मधील ‘प्ले प्रोटेक्ट’ने एकदा तपासणीही करावी. एखादे ॲप निघतच नसेल, तर ‘डिव्हाइस ॲडमिन’ या सदरात त्यास अधिकार दिलेले आहेत काय ते पाहावे व ते आधी काढून घ्यावेत. इतर ॲपच्या वर झळकण्याची परवानगी कोणाकोणास आहे, हेही त्याच ‘सेटिंग्ज’मध्ये पाहता येते.

प्रसिद्ध ॲप म्हणजे निर्धोक ॲप, असे गृहीत धरू नये. कागदाचे छायाचित्र घेऊन त्याची फाइल करणारे ‘कॅमस्कॅनर’ हे ॲप अनेक शिक्षकांच्या वापरात होते. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘कॅस्परस्की’ या संस्थेच्या संशोधकांना त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीतील जाहिरातीच्या भागात घातक आज्ञावली आढळली. तोवर ते दहा कोटींहून अधिक वेळा उतरवून घेतले गेले होते. ‘गुगल’ने ते काही काळ दुकानातून काढले. पुढे जून २०२० मध्ये भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये त्याचा समावेश झाला. ती बंदी सुरक्षिततेच्या व्यापक कारणांवरून होती. यातून घ्यावयाचा बोध एवढाच की, चांगले काम करणाऱ्या साधनातही जाहिरातीच्या वाटेने नको ते शिरू शकते. नव्या कोऱ्या यंत्रातही ते असू शकते. २०१५ साली ‘लेनोव्हो’च्या काही लॅपटॉपांत ‘सुपरफिश’ नावाचे जाहिरातींचे साधन आधीच बसवलेले आढळले. ते ब्राउझरच्या सुरक्षित देवाणघेवाणीत ढवळाढवळ करीत असल्याने मोठी टीका झाली.

म्हणून ॲप घेताना कामापुरतेच घ्यावे. उजेडासाठी वेगळे ॲप नको, ती सोय मोबाइलमध्येच असते. व्हॉट्सॲपवरून आलेली ‘एपीके’ प्रकारची फाइल तर कधीही उघडू नये, मग ती लग्नपत्रिका म्हणून आलेली असो, बँकेची म्हणून असो वा सरकारी योजनेची म्हणून असो.

खोट्या इशाऱ्याचा धोका

आतापर्यंत सांगितले ते उपद्रवाविषयी. खरे नुकसान पुढच्या पायरीवर होते. ‘व्हायरस सापडला’ अशी पट्टी उघडली की लाल रंगाचे पान येते, भोंगा वाजतो, उलटी आकडेमोड सुरू होते आणि ‘या क्रमांकावर दूरध्वनी करा’ किंवा ‘हे ॲप घ्या’ असा आदेश दिसतो. इंटरनेटवरील एखादे पान मोबाइल तपासून त्यातील व्हायरस मोजू शकत नाही. ते नुसते चित्र असते. पानातील कोणत्याही बटणास स्पर्श न करता ब्राउझरच बंद करावा, म्हणजे काम संपले.

दिलेल्या क्रमांकावर बोलणारा मनुष्य अत्यंत सौजन्याने बोलतो. तो दुरून मोबाइल हाताळता येईल असे ॲप घ्यावयास सांगतो, आणि मग बँकेचा सांकेतिक क्रमांक त्याच्यापुढे उघडाच होतो. असे काही घडले असल्यास क्षणाचाही विलंब न लावता इंटरनेट बंद करावे, ते ॲप काढावे, दुसऱ्या दूरध्वनीवरून बँकेस कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्यापूर्वी ते रोखण्याची शक्यता त्वरेवर अवलंबून असते. दोन दिवस लाजेत घालवले, तर ती शक्यता मावळते.

अंगठा आणि अक्षर

हा विषय तंत्रज्ञाचा आहे, त्याचा शिक्षकाशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. वस्तुतः हा विषय शिक्षकाचाच आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याने सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा उठवला आणि जमीन गमावली, हा इतिहास फार जुना नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला, तेव्हा शेतकऱ्यांचा रोष मुख्यत्वे त्या कर्जरोख्यांवर होता. १८७९ साली दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला आणि शेतकऱ्याचे खतपत्र गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावे, अशी तरतूद त्यात करण्यात आली. कागदात काय आहे हे कळल्यावाचून दिलेली संमती ही खरी संमती नव्हे, हेच तत्त्व त्यामागे होते. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा रात्रीच्या वर्गांत कंदिलाच्या उजेडात प्रौढांना अक्षरे गिरवावयास लावणारे बहुतांशी प्राथमिक शिक्षकच होते. अंगठ्याच्या जागी सही यावी, आणि सहीपूर्वी वाचन यावे, ही त्यांची आकांक्षा होती.

आता साक्षर माणसाचा अंगठा पुन्हा एकदा न वाचलेल्या मजकुरावर पडू लागला आहे. फरक इतकाच की, शाईच्या ठिकाणी काच आली. ज्यास वाचता येत नव्हते त्याची फसवणूक झाली, हे समजू शकते. ज्यास वाचता येते आणि जो दुसऱ्यास वाचावयास शिकवतो, त्याने चार शब्दांची चौकट न वाचता संमती द्यावी, हे मात्र शोभणारे नाही. संसदेने २०२३ साली केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमातही संमतीविषयी हेच तत्त्व सांगितले आहे. संमती मोकळेपणाने, माहिती घेऊन व स्पष्टपणे दिलेली असावी, आणि ती देणे जितके सोपे असेल तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे. दिलेली परवानगी परत घेता येते, हे गावास कळणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

वर्गातील एक पाठ

पाचवी ते आठवीच्या वर्गात यावर एका तासिकेचा पाठ सहज घेता येईल. त्यास मोबाइलची आवश्यकता नाही. फळा आणि खडू पुरेत. फळ्यावर एक चौकट काढावी. वर एका काल्पनिक संकेतस्थळाचे नाव लिहावे, त्याखाली ‘सूचना पाठवू इच्छिते’ असे लिहावे आणि ‘नको’ व ‘अनुमती द्या’ अशी दोन बटणे काढावीत. एका विद्यार्थ्यास मोठ्याने वाचावयास सांगावे. मग वर्गाला तीन प्रश्न विचारावेत. विचारणारा कोण आहे? तो नेमके काय मागतो आहे? नाही म्हटल्यास आपले कोणते काम अडते? तिसऱ्या प्रश्नावर मुले बराच वेळ विचार करतील आणि काहीच अडत नाही, हे उत्तर त्यांचे त्यांनाच सापडेल. ते शिक्षकाने आधी सांगू नये. त्यानंतर चौकटीतील मजकूर बदलावा. छायाचित्रे पाहण्याची परवानगी, ठावठिकाणा जाणण्याची परवानगी, संपर्कयादीची परवानगी असे प्रकार घ्यावेत. नकाशा दाखवणाऱ्याने ठावठिकाणा मागणे रास्त आहे. बॅटरीचा उजेड पाडणाऱ्याने संपर्कयादी का मागावी? असा भेद मुले लवकर करू लागतात. भाषेच्या तासाला घ्यावा असाच हा आकलनाचा पाठ आहे.

लहान मुलांसाठी एकच नियम पुरे : पडद्यावर अनोळखी चौकट किंवा चित्र आले की काहीही न दाबता मोठ्या माणसास हाक मारावी, आणि हाक मारणाऱ्या मुलास कोणी रागावू नये. नियमाचा दुसरा अर्धा भाग पालकांस सांगावयाचा आहे. रागावल्यास मूल पुढच्या वेळी लपवील.

वर्गात मोबाइल वापरताना शिक्षकाने ‘दीक्षा’वरील पाठ आदल्या दिवशी उतरवून ठेवावा आणि पाठ दाखवण्यापूर्वी इंटरनेट बंद करावे. मग कोणाचीही पट्टी मुलांसमोर उतरण्याची भीती राहत नाही, आणि बंद पडलेला उपक्रम निर्धास्तपणे पुन्हा सुरू करता येतो.

पुढील शिक्षण परिषदेत प्रत्येक केंद्राने अर्धा तास या कामासाठी राखून ठेवावा. ज्यांना रीत समजली आहे त्यांनी ज्यांना समजली नाही त्यांच्याजवळ बसावे. मोबाइल मात्र ज्याचा त्याच्याच हातात राहू द्यावा आणि बोटही ज्याचे त्यानेच फिरवावे, म्हणजे ते पुढे ध्यानात राहील. संकोच असेल तेथे शिक्षिकांनी शिक्षिकांस साहाय्य करावे. परवानग्यांची यादी रिकामी झाली की शाळेत परतल्यावर हेच काम गावातील एका घरी, मग दुसऱ्या घरी करून द्यावे. निवृत्तिवेतन मोबाइलवर पाहणारे आजोबा आणि बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या ताई यांना त्याची गरज शिक्षकाइतकीच आहे, आणि ते विचारावयास येतील ते शाळेतच.